रुखवताच्या टेबलावर रणगाडा

आमच्या नात्यात किंवा बिल्डिंगमध्ये कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघतात आणि मग मला फोन करतात. रुखवतासाठी. सुपारीचे भटजी, काडेपेटीच्या काड्यांची विहीर, आइस्क्रीमच्या काड्यांचा पाळणा, साखरेचा बंगला, सप्तपदीची सात पावलं, हे सगळं मी गेली तीस वर्षं करते आहे. करते मी आणि नाव नवरीचं. टेबलाच्या मधोमध सोनेरी अक्षरांत पाटी लागते की अमुक अमुक हिने हे सर्व स्वहस्ते केलं. ती बिचारी त्या दिवसांत पार्लर आणि ब्लाउजच्या फिटिंगमध्ये अडकलेली असते. एका नवरीला मी तिची स्वहस्ते केलेली विहीर लग्नाच्या सकाळी दाखवली, तर म्हणाली, "मावशी, किती क्यूट! कुठे मिळाली?"

याचं मला काही वाटत नाही, असं मी तीस वर्षं सांगत आले. साफ खोटं. हातात जेवणाचं ताट घेऊन कोपऱ्यात उभं राहायचं आणि मुलाकडच्या बायका "सुनेच्या हातात काय कला आहे हो" म्हणत असताना मुकाट्याने मठ्ठा प्यायचा, यात काही वाटण्यासारखं नसेल तर मग कशात असतं? पण शुभकार्यात तोंड वाजवायचं नाही, म्हणून गप्प बसले.

आमचे हे कारखान्यात टूलरूमला फिटर होते. आयुष्यभर लोखंड घासलं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जायला लागतात, सकाळी फिरायला जातात, निदान सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. ह्यांनी रणगाडे जोडायला घेतले. प्लास्टिकचे सुटे भाग खोक्यातून येतात, ते कानशीने घासून, चिकटवून, रंगवून दुसऱ्या महायुद्धातला रणगाडा करायचा, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा. काही महिन्यांत आमच्या जेवणाच्या टेबलावर जर्मन सैन्याचा कबजा झाला आणि आम्ही दोघं खाली पाट मांडून जेवायला लागलो.

असले मॉडेलवाले बरेच आहेत आणि त्यांचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं, हे मला ह्यांच्यामुळेच कळलं. पहिल्या वर्षी ह्यांनी आपला लाडका रणगाडा गुळगुळीत प्लायवुडच्या तुकड्यावर ठेवून नेला. तिथे कुणीतरी वाकून बघितलं आणि म्हणालं, "काका, शोरूममधून आत्ताच काढलाय वाटतं?" एवढंच. पण ह्यांनी ते मनाला लावून घेतलं. दोन दिवस चहात साखर आहे की नाही तेही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जाहीर केलं की पुढच्या वर्षी रणगाडा रस्त्यावर उभा राहील. बॉम्ब पडलेल्या गल्लीत. आणि गल्ली विकत आणायची नाही, घरच्या घरी, शून्यातून करायची.

पहिलं घर ह्यांनी स्वतः केलं. फिटरच तो. भिंती काटकोनात, खिडक्या मिलिमीटरला बरोबर, कडा घासून गुळगुळीत. आठवडाभर खपून जे तयार झालं ते थेट जिन्याखालच्या मीटरच्या डब्यासारखं दिसत होतं. ह्यांनाही ते कळलं असावं, कारण संध्याकाळी उगाच माझ्याजवळ येऊन लसूण सोलायला बसले.

"अगं, तू तो साखरेचा बंगला करतेस ना, तसं काहीतरी..."

"साखरेचा बंगला तोफेसमोर ठेवणार?"

"साखरेचा नको. विटांचा. तुझ्या हाताला जमतं ते."

चौतीस वर्षांच्या संसारात माझ्या हाताला काही जमतं असं ह्यांनी पुरणपोळी सोडून कशाबद्दलही म्हटलं नव्हतं. संधी आहे हे मी ओळखलं आणि तिथेच अट घातली. गल्ली मी करीन, पण प्रदर्शनात जे कार्ड लागतं त्याच्यावर माझं नाव हवं. ह्यांच्या नावाच्या खाली चालेल, कंसात चालेल, पण हवं.

"लागेल की," हे म्हणाले आणि सोललेला लसूण टरफलांत टाकून टरफलं माझ्या हातात दिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

ह्यांनी फोनवर जुने काळेपांढरे फोटो दाखवले. युरोपातल्या कुठल्याशा गावातली गल्ली, घरांची अर्धी तोंडं उडालेली. हे मला बंदुका आणि चाकं दाखवत होते. मी बघत होते वरच्या मजल्याची भिंत. भिंत गेलेली आणि आतली खुर्ची अजून जागेवर. एका फोटोत एक बाई पडक्या घरासमोर झाडू मारत होती. सगळं घर रस्त्यावर आलेलं आणि ती आपली उंबऱ्यापुढची जागा साफ करतेय. मला ती बाई एकदम ओळखीची वाटली.

सामान आणायला उल्हासनगरला गेले. फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या जुन्या कॅम्पातल्या एका दुकानातून मी वर्षानुवर्षं लेस, टिकल्या, मणी, शाडू, डिंक नेते. दुकानदार सिंधी, माझ्यापेक्षा पाचेक वर्षांनी मोठा, मला बघितलं की आपणच गोटापट्टीचे डबे काढायला लागतो.

"आओ भाभी. किसकी शादी?"

"शादी नही. टूटा हुआ घर बनाना है."

त्याचा हात डब्यावरच थांबला. "भाभी, घर में सब ठीक?"

मी त्याला रणगाडा, युद्ध, पस्तिसावा हिस्सा सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, शाडूची पिशवी बांधली आणि वर लाल गोंड्यांचं एक छोटं तोरण आपल्या मनाने टाकलं. "दरवाजे पे लगा देना. टूटा है तो क्या हुआ, घर तो है."

विटांचं मला कुणी शिकवायला नको होतं. माझं माहेर वांगणीच्या बाजूला. भात कापून झालं की माझे वडील शेताच्या कडेला विटा पाडायचे आणि आम्ही बहिणी त्या वाळायला उलट्यापालट्या करायचो. भाजलेली वीट कधी एकसारखी लाल नसते. आगीजवळची काळी पडते, बाहेरच्या थरातली पिवळट राहते, आणि एखादीला धग जास्त लागली तर तिचा कोपरा चकाकतो. म्हणून मी शाडू मळला, जुन्या पोळपाटावर लाटला आणि सुरीने शंकरपाळ्यांसारखा कापत गेले, फक्त शंकरपाळी बासमतीच्या दाण्याएवढी. ह्यांनी व्हर्नियर आणून पहिली वीट मोजली. साडेसहा हवी होती, सात भरली.

"अर्धा मिलिमीटर जास्त आहे."

"वडिलांच्या पण व्हायच्या. घरं उभी आहेत अजून."

परातभर विटा गच्चीवर वाळत घातल्या. गेरूत बुडवल्या, काहींना काजळाचं बोट लावलं. शेजारच्या वहिनी आपले पापड बघायला वर आल्या आणि नवीन प्रकारची बडीशेप समजून चार विटा तोंडात टाकून गेल्या. संध्याकाळी येऊन म्हणाल्या, "छान आहे, पण थोडी जून झालीय."

भिंतीवरून आमचं पहिलं भांडण झालं. ह्यांचं म्हणणं, आत थर्माकोल घाल आणि वरून विटा चिकटव, निम्म्या वेळात होईल. मी म्हटलं, भिंत म्हणजे भिंत. विटेवर वीट, सांधा मोडून, म्हणजे खालच्या सांध्यावर वरची वीट, आतपर्यंत. मला दोन महिने लागले. डोळ्यांचा नंबर वाढला, ह्यांना तीन वेळा पिठलं-भातावर भागवावं लागलं, पण चार घरं उभी राहिली. मी ती ह्यांच्यासमोर मांडली आणि कौतुकाची वाट बघत पदराला हात पुसले.

हे चष्मा वर करून बघत राहिले. चारी घरं नीट रांगेत. खिडक्यांना पडदे, पडद्यांना लेस. कौलं एकावर एक बसलेली. एका दारावर लाल तोरण. आणि दोन उंबऱ्यांपुढे माझ्या हातून, मला न विचारता, रांगोळीची चार चार टिंबं पडली होती.

"अगं, ही युद्धातली गल्ली नाही," हे म्हणाले. "हा साखरपुडा आहे."

"मग तोडा."

ह्यांनी हातोडी आणली. मी ओरडले, "हात लावाल तर बघा!" हे मागे सरले. मग मी पुढे झाले, एक वीट काढली, बघितली आणि होती तिथे परत बसवली. खरं सांगते, मला तोडता येत नव्हतं. रुखवतात मोडकं काही चालत नाही. चीर गेलेली सुपारी नको, तुटकी काडी नको, जोडीतलं एकटं काही नको. विहिरीचा एक दोर तुटला म्हणून मी एकदा अख्खी विहीर बदलली होती. तीस वर्षं ज्या हातांना अशुभ टाळायचं वळण लावलं त्यांना आता म्हणायचं, बॉम्ब टाका. पंधरा दिवस मी रोज घरांसमोर बसत होते आणि रोज एखादं कौल सरळ करून उठत होते. प्रदर्शन जवळ आलं. ह्यांनी विचारायचं सोडलं, नुसते उसासे टाकायला लागले.

मग एका सकाळी हे भाजी आणायला गेले असताना मी टेबल पुसत होते. रणगाडा उचलला तर खाली प्रदर्शनाच्या फॉर्मची प्रत. मी वाचली. कलाकाराचे नाव: ह्यांचं. पत्ता: आमचा. खाली छापलेलं होतं, 'कोणता भाग स्वहस्ते केला आहे?' आणि पुढे ह्यांच्या त्या टूलरूमच्या सुबक, उभ्या अक्षरांत लिहिलं होतं: संपूर्ण.

पुढचं मला सलग आठवत नाही. खलबत्त्यातला बत्ता हातात कधी आला तेही सांगता येणार नाही. पहिला दणका तिसऱ्या घराच्या कोपऱ्यावर बसला. वरचा मजला कलला आणि विटा सुट्या होऊन खडखडत रस्त्यावर आल्या. मग छप्पर. मग शेजारचं घर. तोंडाने माझं चालू होतं, "संपूर्ण काय? संपूर्ण? घ्या संपूर्ण!" लेसचा पडदा लोंबायला लागला. फोटोतल्यासारखी आत ठेवलेली खुर्ची जागेवर राहिली, तिला मी हात लावला नाही. चौथ्या घराची दर्शनी भिंत बत्त्याच्या टोकाने आत ढकलली आणि तेवढ्यात दार वाजलं.

हे पिशवी घेऊन दारात उभे. मी बत्ता घेऊन टेबलापाशी. मला वाटलं, आता घाबरतील, निदान चिडतील तरी. ह्यांनी पिशवी खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले, डोळे गल्लीच्या पातळीवर आणले आणि म्हणाले, "अगं, काय सुंदर मोडलंयस!"

मी बत्ता आणखी घट्ट धरला.

"हा कोपरा बघ. आतली प्रत्येक वीट दिसतेय. थर्माकोल असता तर मेलो असतो. सुचलं कसं तुला?"

"फॉर्म वाचून," मी म्हटलं.

ह्यांची मान खाली गेली. भेंडीची पिशवी उगाच उघडून बघितली. "अगं, फॉर्मवर एकच रकाना आहे."

"त्यात दोन नावांची शाई मावत नव्हती?"

हे उठले आणि आयोजकांना फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हो, नाही, बरं, ठीक आहे, एवढंच ऐकू आलं. मग ओट्यापाशी येऊन म्हणाले की कार्डं छापायला गेली. पुढच्या वर्षी नक्की. मी दोन दिवस अबोला धरला. पण काम सोडलं नाही, कारण गल्ली ह्यांची नव्हती. जी वीट जिथे पडली तिथेच चिकटवली. रांगोळी पुसली नाही, तिच्यावर धूळ टाकली. आणि तारेला माती थापून झाडू मारणारी बाई केली. तिचा झगा परकरासारखा झाला, त्याला माझा इलाज नव्हता.

प्रदर्शन होतं बदलापूरच्या एका मंगल कार्यालयात. पौषात लग्नं नसतात, म्हणून हॉल मोकळा. आमच्या अंबरनाथहून रिक्षा केली. गल्ली माझ्या मांडीवर, रणगाडा ह्यांच्या.

"काकू, काय आहे? देखावा?" रिक्षावाल्याने विचारलं.

"दुसरं महायुद्ध," हे म्हणाले.

"टेन्शन नका घेऊ काका, एकदम मक्खन नेतो." आणि पहिल्याच खड्ड्यात मक्खन उडालं. हे किंचाळले. मी म्हटलं, "अहो, मोडकीच गल्ली आहे. अजून मोडली तर कुणाला कळणार?" हे तरीही बदलापूर येईपर्यंत डोळे मिटून बसले.

त्या हॉलमध्ये मी किती रुखवतं मांडली असतील याची मोजदाद नाही. टेबलं तीच, त्यांना लावलेल्या लाल साटिनच्या झालरी त्याच. तिथला म्हातारा केअरटेकर मला बघून धावत आला.

"काकू, पौषात कसं काय? आज मुलीकडून का मुलाकडून?"

"आज जर्मनीकडून," मी म्हटलं. तो बरं म्हणाला आणि नेहमीप्रमाणे खिडकीजवळचं टेबल पुसून दिलं.

टेबलावर कार्ड आधीच लावलेलं होतं. छापील. ह्यांचं नाव, शहर, आणि खाली 'संपूर्ण स्वनिर्मित'. मी वाचलं आणि बाजूला जाऊन उभी राहिले. हातात ताट नव्हतं, एवढाच फरक.

परीक्षक दुपारी आले. सत्तरीचे गृहस्थ, गळ्यात दोरीला भिंग. रणगाड्याकडे त्यांनी जेमतेम बघितलं, "धूळ जास्त झालीय," म्हणाले. मग गल्लीवर वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. शेवटी उठले, आजूबाजूला बघितलं आणि मी जवळ होते म्हणून मलाच विचारलं, "या विटा कुणी केल्या?"

आणि मी म्हटलं, "ह्यांनी."

माझं तोंड मला न विचारता बोललं. त्या हॉलमध्ये, त्या झालरीच्या टेबलापाशी उभं राहून कुणी 'कुणी केलं' विचारलं की मी कायम दुसऱ्याकडे बोट दाखवत आले होते. मुलीने केलं. हिनेच केलं. बोट आपोआप उठायचं, तसंच आताही उठलं. दोन महिने ज्याच्यासाठी भांडले ते मी एका शब्दात देऊन टाकलं. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

परीक्षक ह्यांच्याकडे वळले. "फार सुंदर. हा विटेचा काळा कोपरा, ही पिवळट झाक, हे कसं आणलंत?"

टूलरूमच्या माणसाला खोटं माप सांगता येत नाही. "मला माहीत नाही," हे म्हणाले.

"माहीत नाही?" परीक्षकांनी भिंग खाली सोडलं आणि हातातल्या कागदावर पेन टेकवलं. "म्हणजे तयार आणली. मग संपूर्ण स्वनिर्मित कसं? असं असेल तर मला हे बाद करावं लागेल."

"बाद?" मी ओरडलेच. शेजारच्या विमानवाल्यांनी माना वळवल्या. "तयार कुठे मिळते ती सांगा, मीही घेऊन येते! शाडू मी मळला, विटा मी पाडल्या, गेरू मी लावला. आगीजवळची वीट काळी पडते आणि कडेची पिवळी राहते, भट्टीवर गेलात कधी? सांधा बघा, प्रत्येक सांधा मोडलेला आहे. तोडलं पण मीच. बत्त्याने!"

परीक्षकांनी पेन उचललं, एक खुर्ची ओढली आणि बसले. "मग कार्डावर तुमचं नाव का नाही?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे आपल्या बुटांकडे बघत होते. मग ह्यांनी शर्टाच्या खिशातून बॉलपेन काढलं, कार्ड उचललं आणि टेबलाच्या कडेवर टेकवून आपल्या छापील नावाच्या वर सावकाश माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव, सरकारी कागदावर लिहितात तसं. माझं नाव, मग ह्यांचं, मग आडनाव. लिहून कार्ड परीक्षकांसमोर धरलं.

परीक्षकांनी वाचलं. "इथे तुम्ही दोनदा आलात," ते ह्यांना म्हणाले.

खरंच की. कार्डावर ह्यांचं नाव आता दोन ठिकाणी होतं आणि माझं एका. मला हसू येत होतं आणि रडूही. "मधलं काढा," मी म्हटलं.

ह्यांनी मधलं स्वतःचं नाव खोडलं. पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ. मग थोडा विचार केला आणि आडनावही खोडलं.

"ते राहू द्या हो," मी म्हटलं.

"नको. तेही माझंच आहे." खाली छापलेलं आपलं नाव मात्र तसंच ठेवलं आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत लिहिलं, 'फक्त रणगाडा'.

परीक्षकांनी कार्ड जागेवर लावलं आणि माझं नाव मोठ्याने वाचलं. नुसतं नाव. अमक्याची बायको नाही, तमकीची आई नाही, रुखवतवाल्या मावशी नाही. वडील गेल्यापासून ते नाव तसं उघडं कुणी घेतलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि मी ते लपवलं नाही.

बक्षीस कुठल्याशा विमानाला मिळालं. परतताना रिक्षात गल्ली पुन्हा माझ्या मांडीवर होती. लग्न झाल्यापासून ह्यांनी मला हाक मारली ती 'अगं' अशी, नाहीतर आमच्या मुलीची आई म्हणून. अंबरनाथ जवळ आलं तेव्हा ह्यांनी घसा साफ केला आणि समोर रस्त्याकडे बघत, जरा चाचरत, माझं नाव घेतलं. पुढे काही बोलायचं नव्हतं, नुसतंच घेतलं.

मी ओ दिली.